अक्का, त्या कार्डावर शेवटची तारीख नव्हती

प्रिय अक्का,

काल रात्री फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, “लिही तुला लिहायचं तर. माझं नाव नको, शाळेचं नको. बाकी सगळं लिही, उगीच गुळगुळीत करू नकोस.” म्हणून हे पत्र. लिहितोय तुलाच, बाकीच्यांनी वाचलं तर वाचू दे.

अपघातापासून सुरुवात केली तर तुला कंटाळा येईल. जानेवारी २०१९ ची ती संध्याकाळ तू येणाऱ्या-जाणाऱ्याला इतक्या वेळा सांगितली आहेस. पालकांची बैठक लांबली, अंधार पडला, कारखान्याच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली उभी होती, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. डाव्या मांडीचं हाड, खुब्याची वाटी, दोन बरगड्या. मांडीत रॉड, खुब्याला प्लेट. मला त्याच्यापेक्षा नंतरची तू जास्त आठवतेस, पुण्यातल्या त्या रिहॅब वॉर्डातली. दोन समांतर दांड्या, त्यांच्या टोकाला भिंतीवर आरसा, आणि घोट्याला पिवळा रबरी पट्टा बांधून उभी असलेली तू. फिजिओची मुलगी म्हणायची, “मॅडम, दहा वेळा.” तू एक-दोन-तीन मोजायची नाहीस. बेचा पाढा म्हणायचीस. बे दाहे वीसला पाय खाली. शेजारच्या कॉटवरचे बांधकामावरून पडलेले ते काका तुझं ऐकून तिनाचा पाढा म्हणायला लागले, आठवतं? साती एकवीसला अडकायचे, आणि तू घामाघूम असूनही वळून त्यांना पुढचं सांगायचीस.

व्यायामाच्या अर्धा तास आधी गोळी. ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली. ती गोळी नसती तर तू त्या दांड्यांपर्यंत पोचली नसतीस, हे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो. पहिल्या दिवशी गोळीशिवाय प्रयत्न केलास तेव्हा तुझ्या तोंडून जो आवाज आला तो मी एकदाच पूर्वी ऐकला होता. आईचा.

तुला तिथे जायचं नसेल तर हा परिच्छेद सोडून दे. पण २००८ चे ते शेवटचे दोन महिने बाजूला ठेवून मला तुझ्या गोळ्यांबद्दल काही सांगताच येत नाही. आईचा कॅन्सर हाडांत उतरला होता. डॉक्टरांनी चिठ्ठीवर मॉर्फिन लिहिलं आणि मी ती चिठ्ठी घेऊन तालुका, जिल्हा पालथा घातला. एकाही दुकानात नाही. परवाना नाही, साठा नाही, “आम्ही ठेवत नाही, लफडं नको.” नंतर कधीतरी वाचलं की मॉर्फिन जिच्यातून काढतात ती अफू सरकारी परवान्यानं पिकवणाऱ्या मोजक्या देशांत आपला देश आहे. नीमच, मंदसोर, चित्तोडगडकडे शेतंच्या शेतं असतात, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. आणि आपल्या आईला दोन महिने रात्रभर तुझ्या मांडीवर डोकं ठेवून कण्हावं लागलं. कायद्यातली ती परवान्यांची गुंतागुंत २०१४ मध्ये सैल केली. आईला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

तिच्या तेराव्याला परसात बसून तू मला म्हणाली होतीस, “आपल्या घरात यापुढे कुणी दुखणं सोसायचं नाही.” मी ते ऐकलं होतं. म्हणून अकरा वर्षांनी तू फोन करून म्हणालीस, “बाळू, येताना दोन पाकिटं जास्त आण,” तेव्हा मी एक अक्षर न विचारता चार आणली. हातात आईची जुनी चिठ्ठी असल्यासारखा मी ती आणत होतो. माझ्या अपराधाचा भाग इथून सुरू होतो, अक्का, तो तू पुसायचा नाहीस. दर वेळी पुसतेस.

गुढीपाडव्याला तू घरी आलीस. वॉकर घेऊन, पण आपल्या पायांनी. दाजींनी उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलं होतं, जणू पुन्हा नवी नवरी आली. सगळ्यांनी तुझे पाय पाहिले. हातातल्या त्या पिवळ्या फाइलमधलं डिस्चार्ज कार्ड कुणी नीट पाहिलं नाही.

ते कार्ड मी मागच्या वर्षी पुन्हा काढलं. माझ्यासमोर आहे. टाके काढण्याची तारीख आहे. एक्स-रेची आहे, सहा आठवड्यांनी. पायावर पूर्ण भार कधी टाकायचा ते आहे. वॉकर कधी सोडायचा, काठी कधी घ्यायची, जिना कधी, मांडी घालून कधीच बसायचं नाही, सगळं आहे. आणि गोळीसमोर? १-०-१, आणि पुढे एक शब्द: चालू. कधीपर्यंत ते नाही. किती किती कमी करत न्यायची ते नाही. ज्या सर्जननी ऑपरेशन केलं त्यांना वाटलं, रिहॅबवाले बंद करतील. रिहॅबच्या डॉक्टरांना वाटलं, सर्जननी सुरू केलीय, तेच बघतील. गावातल्या डॉक्टरांनी कार्ड पाहून त्यातली ओळ नव्या कागदावर उतरवली, आणि पुढची पाच वर्षं प्रत्येकानं आधीच्या कागदावरून उतरवली. त्यातलं कुणी वाईट नव्हतं. तुझा पाय सगळ्यांनी मन लावून बरा केला, आणि गोळीचा मालक मात्र कुणीच नव्हता.

तुझ्या अपघाताच्या आदल्याच वर्षी, एप्रिल २०१८ मध्ये, ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं होतं. त्याच्या आधीपासून ते अशा यादीत होतं की दुकानदारानं वेगळ्या रजिस्टरमध्ये रोग्याचं नाव, डॉक्टरांचं नाव, किती दिलं, सगळं लिहून तीन वर्षं जपून ठेवायचं. तुझं नाव किती रजिस्टरांत असेल? मला नाही वाटत एकाही. तू बाई होतीस, सगळ्या गावाची बाई. दुकानदाराचा मुलगा तुझ्याच हाताखाली शिकला. बाईंना कोण विचारणार?

२०२० च्या एप्रिलचं तुला काय आठवतं? दाजींना अजून नीट आठवत नाही, की आठवायचं नाही, कोण जाणे. टाळेबंदीत तालुक्याचा रस्ता बंद, गावातल्या दुकानात माल संपला. तिसऱ्या दिवशी तुझं नाक गळायला लागलं, जांभया थांबेनात, अंगावर काटा, जुलाब, हुडहुडी. पाय तर झोपेतही झाडत होतीस. सगळ्यांना एकच वाटलं. तुला मागच्या खोलीत ठेवलं, ताट दारातून आत सरकवलं, लेक खिडकीतून रडत होती. स्वॅब निगेटिव्ह आला. मग दाजींनी पास काढून कराडहून औषधं आणली, त्यात तुझी पाकिटंही होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तू उठून अंगण झाडलंस. आम्ही म्हटलं, देव पावला. इतक्या शिकलेल्या घरात एकाच्याही डोक्यात आलं नाही की कालपर्यंत मरायला टेकलेलं माणूस गोळी पोटात गेल्यावर एका रात्रीत उठतं कसं. तुझ्या आलं होतं का? हे मी तुला कधी विचारलेलं नाही. आज विचारतोय, उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

मग ती भाऊबीज. मी पाटावर, तू समोर खुर्चीत, कारण खाली बसता येत नाही. निरांजनाचं ताट दोनदा फिरलं आणि तिसऱ्यांदा वर येता येता थांबलं. तुझे डोळे मिटले होते. ताट एका बाजूला कलत गेलं, सुपारी घरंगळली, अंगठी घरंगळली, निरांजन कडेला आलं. मी हात पुढे केला तेव्हा तू दचकून म्हणालीस, “रात्री झोप नाही रे, फराळाचं काम.” लेकीनं माझ्याकडे पाहिलं. आठवीतली पोर, आणि ती नजर पन्नाशीच्या बाईची होती.

आता जे लिहितोय त्यावर तू चिडणार. चिड. मी तुझी बाकी सगळ्याची माफी मागेन, याची मागणार नाही. तू तिला दुकानात पाठवायचीस. स्वतःला लाज वाटायला लागली, तीन दुकानं फिरून झाली, तेव्हा तिच्या हातात रिकामं पाकीट देऊन म्हणायचीस, “हे दाखव, बाईंनी मागितलंय सांग.” त्या पाकिटावर लाल चौकट असते, अक्का. त्यात इंग्रजीत छापलेलं असतं की वैद्यकीय सल्ल्याशिवाय हे घेणं धोक्याचं आहे. तुला इंग्रजीच्या तासाला शब्द पाठ करायची शिस्त, तीच शिस्त तिच्यात उतरली. तिनं तो मजकूर वाचला, शब्दकोशात पाहिला आणि मला फोन केला. “मामा, डेंजरस लिहिलेलं औषध आई रोज का खाते?” मी काय म्हटलं माहीत आहे? मी म्हटलं, “पायासाठी गं.” मीही तुझ्याच बाजूनं खोटं बोललो. मुलगी माझ्याकडे मदत मागायला आली होती आणि मी तिला परत पाठवलं.

खडूच्या खोक्याचं तिनंच दाखवलं. शाळेतून आणलेलं रिकामं पांढरं खोकं, शिष्यवृत्तीच्या सराव प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्यामागे. पाकिटं त्यात उभी, एकाला एक लागून अशी बसायची की माप घेऊन केल्यासारखी. वर एक खडूचा तुकडा ठेवलेला. तुझा व्यवस्थितपणा त्यातही होता आणि तो पाहून मला रडू आलं.

जून २०२४. स्वयंपाकघरात तुला फिट आली. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, चौथी झाली, गॅस कुणी बंद करेना म्हणून लेक आत गेली. एमआरआय झाला, काही निघालं नाही. ज्या तरुण डॉक्टरबाईंनी तुला रात्री तपासलं त्यांचं मी आयुष्यभर देणं लागतो. त्यांनी दाजींना, मला बाहेर काढलं, खुर्ची तुझ्याजवळ ओढली आणि तुला विचारलं, “बाई, दिवसाला किती?” कशाच्या किती, हेही म्हटलं नाही. तू म्हणालीस, “बारा.”

त्यांनी कागदावर मांडून दाखवलं, तूच मला नंतर तो कागद दिलास. एका गोळीत साडेसदतीस मिलिग्रॅम ट्रॅमाडॉल, बारांत साडेचारशे. चारशेच्या पुढे फिट येण्याचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल सव्वातीनशे गुणिले बारा, म्हणजे तीन हजार नऊशे, यकृतासाठीची हद्द चार हजारांची. तू पहिली ओळ वाचलीस आणि म्हणालीस, “गुणाकार बरोबर आहे.” मग त्यांनी तो प्रश्न विचारला: “दुखतं म्हणून गोळी घेता, की गोळी उतरते म्हणून दुखतं?” तू म्हणालीस, त्या क्षणी सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी खरं बोललं.

गोळीचं हे असं आहे हे आम्हाला तेव्हा कळलं. मेंदूत ज्या जागी ती जाऊन बसते त्या जागा महिन्या-दोन महिन्यांत निबर होतात. काल एका गोळीत भागायचं, आज दोन लागतात. शिवाय ती उतरू लागली की सगळं अंग दुखतं, आणि ते दुखणं जुन्या जखमेच्याच जागी येऊन बसतं. हाड २०१९ च्या दिवाळीलाच सांधलं होतं. तुझा पाय तुला रोज चार वेळा हाक मारायचा आणि तू ओ द्यायचीस, पण हाक पायाची नव्हतीच.

मानसोपचाराच्या त्या ओपीडीबाहेर ‘व्यसनमुक्ती’ अशी पाटी होती आणि तू जिन्यातूनच मागे फिरलीस. “मी काय गर्दुल्ली आहे? मी मुलांना तंबाखूमुक्तीची शपथ देते.” काठी आपटत खाली उतरलीस, मांडी घालायची नाही तशी जिन्यात धावायचंही नाही हे विसरून. मी तुझ्यामागे आलो आणि माझ्याकडेही शब्द नव्हता. आपल्याकडे दारुडा आहे, गर्दुल्ला आहे. पुण्यात ऐंशीच्या दशकात गर्द आली, अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, त्यातून १९८६ मध्ये मुक्तांगण उभं राहिलं, आणि मराठी घराला गर्दुल्ल्याकडे माणूस म्हणून बघायची थोडी सवय लागली. पण डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी वेळच्या वेळी घेत घेत जी बाई इथपर्यंत येते तिला आपण काय म्हणतो? नावच नाही, म्हणून ती कुणाला दिसत नाही, स्वतःलाही नाही. शेवटी तू आत गेलीस तेव्हा तिथले डॉक्टर म्हणाले, शरीराला सवय लागणं हे कुणालाही होतं, पंधरा दिवस-महिना रोज घेणाऱ्या कुणालाही. लपवणं, खोटं बोलणं, लेकीला पाठवणं हे त्याच्या पुढचं. तुझ्यात दोन्ही होतं. हे तू स्वतः तोंडानं म्हणालीस त्या दिवशी मला तुझा जितका अभिमान वाटला तितका तू दांड्यांमध्ये पहिलं पाऊल टाकलंस तेव्हाही वाटला नव्हता.

त्या रात्रींमध्ये मी जे हाताला लागेल ते वाचत होतो. त्यात एक पत्र सापडलं, पाच वाक्यांचं. जेन पोर्टर आणि हर्शेल जिक या बोस्टनच्या दोघांनी १९८० मध्ये एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकाला पाठवलेलं. रुग्णालयात असताना अफूच्या जातीची औषधं मिळालेल्या ११,८८२ रोग्यांत व्यसनाची नोंद फक्त चौघांत सापडली, असं त्यात होतं. आकडा खोटा नव्हता. पण तो रुग्णालयातल्या दिवसांचा होता, घरी गेल्यावर त्या माणसांचं काय झालं याचं त्यात अक्षर नव्हतं. पुढे कित्येक वर्षं शेकडो लेखांत त्या पाच वाक्यांचा हवाला दिला गेला, १९९६ मध्ये अमेरिकेत ऑक्सिकॉन्टिन ही त्याच जातीची गोळी बाजारात आली तेव्हा ‘खरं दुखणं असलेल्याला व्यसन लागत नाही’ ही समजूत डॉक्टरांत पक्की करण्यात आली, आणि त्याची किंमत त्या देशानं लाखो जीव देऊन मोजली. मी ते पत्र वाचलं आणि तुझं कार्ड पुन्हा काढलं. दोन्ही कागद एकाच जागी संपत होते, रुग्णालयाच्या दारात.

एकदम बंद केलं नाही, हे बरं झालं. दाजींना करायचं होतं. खोकं चुलीत टाकतो म्हणाले. डॉक्टरांनी हात जोडले त्यांच्यापुढे. पहिल्या आठवड्यात चारशेच्या खाली, मग महिन्याला दहावा हिस्सा, जमलं नाही तर त्या महिन्यात तिथेच थांबायचं. पॅरासिटामॉल वेगळं काढलं. गोळ्या दाजींच्या कपाटात, किल्ली दाजींकडे, आणि मोजणी लेकीकडे नाही. ही अट मी घातली, तू मान खाली घालून हो म्हणालीस. तू हजेरीपटाचा जुना कागद घेतलास, वर महिना लिहिलास आणि रोजच्या खान्यात मिलिग्रॅम भरायला लागलीस. दोनदा आकडा वर गेला. एकदा थंडीत, एकदा शाळा उघडली तेव्हा. तू खोडलं नाहीस, तसाच ठेवलास, लाल पेननं.

तू मला विचारलं होतंस, “आणि खरंच दुखलं तर?” दुखतंच आहे, मला माहीत आहे. सकाळी उठल्यावर खुबा धरतो, पावसाळी हवेत मांडी ठणकते, फळ्यापाशी दोन तास उभं राहिलं की संध्याकाळी पाय उशीवर ठेवावा लागतो. अमेरिकेत माजी सैनिकांच्या दवाखान्यांत २४० जणांवर वर्षभर हेच तपासलं होतं, २०१८ मध्ये छापून आलं. पाठ, खुबा, गुडघा असं जुनं दुखणं असलेले लोक. अर्ध्यांना अफूच्या जातीच्या गोळ्या, अर्ध्यांना साधी औषधं. वर्षाअखेर चालण्या-फिरण्यात, रोजच्या कामात काही फरक नव्हता, आणि दुखणं साध्या औषधवाल्यांचं थोडं कमीच होतं. तुला हे वाचून दाखवलं तेव्हा तू बराच वेळ गप्प होतीस. मग म्हणालीस, “म्हणजे मधली सहा वर्षं फुकटच की रे.”

फुकट नाहीत, असं मी म्हणालो नाही. अजूनही म्हणत नाही. त्या सहा वर्षांत तुझी लेक मोठी झाली आणि तिचं मोठं होणं तू पेंगत पाहिलंस. ते परत येणार नाही. पण त्याच सहा वर्षांत तुझ्या हाताखालची तेरा मुलं शिष्यवृत्तीला बसली, तू त्या कलंडत्या डोळ्यांनी त्यांचे पेपर तपासलेस, आणि परवा त्यातला एक मला एसटीत भेटला. “बाईंचं पाऊल आता जोरात वाजतं,” म्हणाला. वर्गात बसून मुलं पावलं ओळखतात तुझी? मला माहीत नव्हतं.

सोळा महिने झाले. या महिन्याच्या खान्यांत पन्नास आहे, रात्रीची एक. लेक सांगत होती की मागच्या आठवड्यात तू मध्यरात्री उठून पाय झाडत ओसरीवर फिरत होतीस, आणि ती उठून आली तर तिला झोपायला न पाठवता शेजारी बसवून घेतलंस. दोघी काय बोललात ते तिनं सांगितलं नाही. बरं केलं.

रविवारी पहाटेच्या गाडीनं निघतोय. आईच्या फोटोला हार आणतो, तू करू नकोस. गोळ्यांचं पाकीट या वेळी पिशवीत नाही, ते तू तपासणार आहेस हे माहीत आहे, तपास. आणि फिजिओच्या दुकानात सांगून ठेवलंय. पिवळ्यानंतर लाल पट्टा घेतला होतास, तोही आता सैल वाटतो म्हणालीस ना? हिरवा आणतोय.

तुझा,
बाळू